बँकांच्या खर्चाला कात्री : पुरवठादारांशी फेरकरार करताना

आसगाव (जि. भंडारा) : पवनी तालुक्यातील आसगाव आणि परिसरातील गावांत धानाचे चुकारे खात्यावर जमा होऊ लागले, की बँकेच्या दारात रांगा लागतात. अशा वेळी काउंटरमागचा रोखपाल आणि शाखा व्यवस्थापक एवढेच काय ते बँकेचे स्वतःचे असतात. शाखेची इमारत भाड्याची असते. संगणकाची जोडणी दूरसंचार कंपनीची, रोकड आणणारी गाडी दुसऱ्या कंपनीची, पहारेकरी तिसऱ्या कंपनीचा आणि गावोगाव फिरणारा बँक मित्र चौथ्याच संस्थेने नेमलेला, असे चित्र बहुतेक ग्रामीण शाखांत दिसते. या प्रत्येक सेवेमागे एक करार असतो. खर्च कमी करण्याची वेळ येते तेव्हा बँकांचे लक्ष प्रथम याच करारांकडे जाते.

खर्च नेमका कोठे होतो?

बँकिंग नियमन कायदा, १९४९ नुसार तयार होणाऱ्या नफा-तोटा पत्रकात परिचालन खर्च सोळाव्या परिशिष्टात दाखविला जातो. कर्मचाऱ्यांचे वेतन, भाडे-कर-वीज, छपाई व लेखनसामग्री, जाहिरात, घसारा, लेखापरीक्षकांचे शुल्क, कायदेविषयक खर्च, टपाल व दूरध्वनी, दुरुस्ती व देखभाल, विमा आणि इतर खर्च अशी त्याची शीर्षके आहेत. वेतन हे यातील सर्वांत मोठे शीर्षक. मात्र ते द्विपक्षीय वेतन करारांनी बांधलेले असल्याने व्यवस्थापनाला तेथे फारसा वाव नसतो. पुरवठादारांना जाणारा पैसा उरलेल्या शीर्षकांत विखुरलेला असतो. तो एकत्रितपणे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो.

बँकेची कार्यक्षमता मोजताना खर्च-उत्पन्न प्रमाण पाहिले जाते. समजा, एखाद्या बँकेचे निव्वळ व्याज उत्पन्न आणि इतर उत्पन्न मिळून १०० रुपये व परिचालन खर्च ५५ रुपये आहे, तर हे प्रमाण ५५ टक्के होते. या ५५ रुपयांपैकी ११ रुपये पुरवठादारांना जात असतील आणि फेरकरारातून त्यात दहा टक्के बचत झाली, तर प्रमाण ५३.९ टक्क्यांवर येईल. फेरकराराने बँकेचा कायापालट होत नाही. पण ही बचत दरवर्षी टिकते आणि ती साधण्यासाठी शाखा बंद करावी लागत नाही, हे तिचे महत्त्व.

वस्तू व सेवा करामुळे या गणिताला आणखी एक पदर आहे. पुरवठादाराला दिलेल्या कराची निम्मीच वजावट घेण्याचा पर्याय कायद्याने बँकांना दिला आहे. हा पर्याय निवडणाऱ्या बँकेला १ लाख रुपयांच्या देयकावर १८ टक्के दराने १८ हजार रुपये कर पडला, तर ९ हजारांचीच वजावट मिळते. उरलेले ९ हजार खर्चातच जमा होतात. दर दहा टक्क्यांनी उतरला तर प्रत्यक्ष बचत १० हजारांची नव्हे, १० हजार ९०० रुपयांची होते.

बचतीच्या जागा

फेरकरार म्हणजे केवळ दर पाडून मागणे नव्हे. बहुतेक बचत करारातील जुन्या, कालबाह्य झालेल्या कलमांत दडलेली असते. वापरातून बाद झालेल्या यंत्रांची देखभाल-वर्गणी सुरूच राहते. मुदत संपताच आपोआप नूतनीकरण होण्याचे कलम असेल, तर बाजारात दर उतरूनही बँक जुन्याच दराने पैसे भरते. संगणक प्रणालीचे परवाने कर्मचारी संख्येपेक्षा अधिक घेतलेले आढळतात. बंद केलेल्या शाखेची दूरसंचार जोडणी देयकात कायम असते. अशा बाबी केवळ यादी तपासून सापडतात. त्यासाठी वाटाघाटींचीही गरज नसते.

त्यानंतर येतात दराच्या पद्धती. ठरावीक मासिक शुल्काऐवजी व्यवहारामागे शुल्क, एका वर्षाऐवजी तीन वर्षांची हमी देऊन कमी दर, वेळेवर पैसे देण्याच्या बदल्यात सूट, सेवा खंडित झाल्यास देयकातून कपात, हे नेहमीचे मार्ग आहेत. ग्रामीण शाखेच्या भाडेकरारात दर मुदतीनंतरच्या वाढीचा टक्का आधीच ठरवून घेणे महत्त्वाचे ठरते. कारण तिजोरी आणि स्ट्राँगरूम बांधून झाल्यावर जागा बदलणे बँकेला परवडत नाही आणि घरमालकाला ते ठाऊक असते.

लघुसंदेशांचे उदाहरण बोलके आहे. इंग्रजी लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मात्र ७० चिन्हांपर्यंतच एक संदेश मोजला जातो आणि काना-मात्राही चिन्ह म्हणून गणली जाते. त्यामुळे मराठी संदेश बँकेला दुप्पट-तिप्पट महाग पडतो. यावर मराठी बंद करणे हा सोपा, पण ग्राहकाच्या गैरसोयीचा उपाय. मजकूर आटोपशीर करणे आणि प्रादेशिक भाषेतील संदेशांसाठी वेगळा दर मागणे हा योग्य उपाय.

सार्वजनिक बँकांचे हात बांधलेले

खासगी बँक पुरवठादाराला बोलावून दर कमी करण्यास सांगू शकते. सार्वजनिक बँकांना ही मोकळीक नाही. केंद्रीय दक्षता आयोगाने ३ मार्च २००७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार निविदा उघडल्यानंतर सर्वांत कमी दराच्या निविदाकाराशीही सर्वसाधारणपणे वाटाघाटी करता येत नाहीत. मक्तेदारीच्या वस्तू, मोजकेच पुरवठादार किंवा पुरवठादारांच्या संगनमताचा संशय अशा अपवादात्मक परिस्थितीतच त्या करता येतात आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्यामुळे सार्वजनिक बँकेला बचतीची तरतूद निविदेतच करावी लागते. वाढत्या संख्येनुसार घटणारा दर, मधल्या काळात बाजारभावाशी तुलना करण्याचा हक्क आणि मुदतीपूर्वी बाहेर पडण्याचे कलम या तीन गोष्टी मूळ कागदात नसतील, तर नंतर कोणताही अधिकारी फेरकराराची जोखीम पत्करत नाही.

एकत्र खरेदीचे बळ

लहान बँकेची खरी अडचण ही, की तिच्याकडे देण्यासारखे कामच थोडे असते. तिला दर पाडून मागता येत नाहीत. विदर्भात याचे उत्तर विलीनीकरणातून शोधले गेले. वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक आणि विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक यांच्या एकत्रीकरणातून २०१३ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक अस्तित्वात आली. पुढे 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणानुसार १ मे २०२५ पासून ही बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. देशभरातील ग्रामीण बँकांची संख्या ४३ वरून २८ झाली. खर्चाचे सुसूत्रीकरण हा या निर्णयामागील घोषित उद्देशांपैकी एक होता.

विलीनीकरणानंतर एकाच कामाचे दोन-दोन करार हाती येतात. प्रणाली, दूरसंचार, छपाई, विमा या प्रत्येकात कमी दराचा करार ठेवून दुसरा सोडता येतो. मात्र मुदतीपूर्वी करार मोडल्यास दंड भरावा लागतो आणि माहितीचे स्थलांतर हा स्वतंत्र खर्च असतो. त्यामुळे पहिल्या काळात खर्च वाढतो आणि बचत नंतर दिसते.

विलीनीकरणाविना एकत्र येण्याचेही मार्ग आहेत. नाबार्डने गेल्या दशकाच्या प्रारंभी राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना एकत्र आणून कोअर बँकिंग सेवा भाडेतत्त्वावर मिळवून दिली होती. नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ ही शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. सामाईक तंत्रज्ञान पुरविणे हे तिचे एक प्रमुख काम आहे.

एटीएमचा धडा

दर किती खाली आणावा, याचा धडा एटीएमच्या व्यवसायाने दिला. २०१२ च्या सुमारास अर्थ मंत्रालयाच्या पुढाकाराने सार्वजनिक बँकांनी एटीएमसाठी प्रदेशनिहाय एकत्रित निविदा काढल्या. व्यवहारामागे शुल्क अशी पद्धत ठरली आणि स्पर्धेत दर बरेच खाली गेले. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोकड वाहतुकीचे निकष कडक केले आणि कुलूपबंद कॅसेट पद्धत आणण्याचे आदेश दिले. केंद्रीय गृह मंत्रालयाने ग्रामीण भागात सायंकाळी ६ नंतर आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी ४ नंतर एटीएममध्ये रोकड भरण्यास मनाई केली. सेवा देण्याचा खर्च वाढला. करारातील दर मात्र तेच राहिले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एटीएम उद्योगाच्या महासंघाने जाहीर इशारा दिला. देशातील सुमारे २ लाख ३८ हजार एटीएमपैकी १ लाख १३ हजार एटीएम मार्च २०१९ पर्यंत बंद करावे लागतील आणि त्याचा सर्वाधिक फटका ग्रामीण भागाला बसेल, असे महासंघाचे म्हणणे होते. बँकांनी वाढीव खर्चाची भरपाई द्यावी, ही त्यांची मागणी होती. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या प्रमाणावर एटीएम बंद झाले नाहीत. तरीही या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली, की फेरकराराची गरज केवळ बँकेला नव्हे, पुरवठादारालाही पडू शकते. एटीएमचे आंतरबँक शुल्क २०२१ मध्ये १५ वरून १७ रुपये आणि १ मे २०२५ पासून १९ रुपये झाले.

दुसरीकडे, महिन्यात दहा तासांहून अधिक काळ एटीएम रोकडविना राहिल्यास बँकेला दहा हजार रुपये दंड करण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू केली. दर पाडल्याने कंपनीची गाडी दूरच्या गावात आठवड्यातून एक फेरी कमी करू लागली, तर दरातील बचत दंडातच जाईल.

जबाबदारी बँकेचीच

काम बाहेर दिले, तरी जबाबदारी बाहेर देता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांचे सूत्र होते. माहिती तंत्रज्ञान सेवांसाठी एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशांतही तेच सूत्र आहे. पुरवठादाराची तपासणी करण्याचा हक्क, उपकंत्राटदारांवर नियंत्रण, ग्राहकांच्या माहितीची सुरक्षितता आणि पुरवठादार बदलण्याची योजना ही कलमे करारात असावी लागतात. दर कमी करताना पुरवठादार यांपैकी एखादे कलम वगळण्यास सुचवितो. ते मान्य करणे ही बचत नसून उधारीवर घेतलेली जोखीम आहे.

पहारेकरी, सफाई कामगार यांच्या कंत्राटात तर कायद्याचीच मर्यादा आहे. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांची बेरीज हा दराचा तळ ठरतो. त्याखालचा दर स्वीकारला, तर कंत्राटदार कामगाराच्या वेतनातूनच ती तूट भरून काढतो. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हे तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांतही कायम आहे. लहान पुरवठादारांची देयके लांबवून खर्च 'वाचविणे'ही महागात पडते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार ४५ दिवसांच्या कमाल मुदतीनंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

फेरकरार कसा करावा?

पहिली पायरी म्हणजे सर्व करारांची एकच नोंदवही. त्यात मुदत, सूचना देण्याची तारीख, वाढीचे कलम आणि गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च नोंदवावा. दुसरी पायरी म्हणजे वर्गवारी. ज्यांच्यावाचून बँक एक दिवसही चालणार नाही अशा सेवा आणि सहज बदलता येणाऱ्या सेवा वेगळ्या कराव्यात. दुसऱ्या गटात दरावर भर द्यावा, पहिल्या गटात सेवेच्या दर्जावर. तिसरी पायरी म्हणजे मुदत संपण्याच्या सहा ते नऊ महिने आधी बोलणी सुरू करणे. मुदत संपत आली की पुरवठादाराचे पारडे जड होते. चौथी पायरी म्हणजे ज्या शाखेत सेवा मिळते तेथील व्यवस्थापकाला विचारणे.

ही शेवटची पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. मुख्यालयातील कागदावर 'महिन्याला ९९ टक्के जोडणी' हे कलम समाधानकारक दिसते. तीस दिवसांच्या महिन्यात एक टक्का म्हणजे सात तासांहून थोडा अधिक वेळ. हे सात तास रात्री गेले, तर कोणालाच पत्ता लागत नाही. तेच धानाचे चुकारे जमा झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी गेले, तर आसपासच्या गावांतून आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परततो. म्हणून टक्क्याबरोबरच कामकाजाची वेळ आणि हंगाम यांचाही करारात उल्लेख असावा. बँक मित्राच्या बाबतीतही हेच लागू पडते. मध्यस्थ कंपनीचे कमिशन कापताना त्याच्या हातात पडणारा किमान वाटा करारात नोंदविला नाही, तर कपात अखेर त्याच्याच खिशातून होते आणि गावातील सेवा बंद पडते.