परमुलखातली सुई आणि परमुलखातली होळी : बुलढाण्याच्या तांड्यांची गोष्ट

आजचा विषय ऐकायला लहान वाटेल. सुई-दोरा आणि होळी. इतिहासाच्या व्याख्यानात लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. त्यात भरतकाम कुठून आलं, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण आम्ही आज असं मांडणार आहोत की बुलढाणा जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास या दोन गोष्टींतून जितका स्वच्छ दिसतो, तितका सरकारी दप्तरातून दिसत नाही. प्रश्न साधा आहे. परमुलखात राहणाऱ्या या माणसांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या, बायकांचं भरतकाम आणि होळी. त्यांतली होळी आज जोरात आहे आणि भरतकाम संपत आलंय. असं का झालं?

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बुलढाण्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला पूर्णेचं खोरं, म्हणजे पायनघाट. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, सगळी काळी कापसाची जमीन. दक्षिणेला घाट चढून गेलं की बालाघाट. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. मलकापूरच्या उत्तरेला बुऱ्हाणपूर, म्हणजे मोगलांचं दक्षिणेचं दार. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी फौज याच टापूच्या आसपासून जायची. आणि फौज म्हटली की धान्य आलं. ते धान्य कोण आणायचं? बंजारे.

बंजारा, लमाण, लंबाडी, लंबाणी, नावं अनेक. ते स्वतःला गोर म्हणतात, भाषेला गोरबोली. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला असं सर्वसाधारणपणे मानतात. बैलांच्या पाठीवर गोणी टाकून मीठ आणि धान्य शेकडो कोस न्यायचं, हा धंदा. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरत होता. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटतात असं त्यानं लिहून ठेवलंय. विचार करा, बारा हजार बैल एका अरुंद वाटेनं चाललेत. समोरून येणाऱ्यानं काय करायचं? थांबायचं, दुसरं काय! अशा तांड्याबरोबर बायका, पोरं, म्हातारीकोतारी, सगळा संसार चालत असे. गावाला वेस असते, देऊळ असतं, पार असतो. तांड्याला यातलं काही नाही. जे न्यायचं ते अंगावर किंवा बैलावर.

म्हणून आम्ही म्हणतो, त्यांचं भरतकाम ही नुसती हौस नव्हती. बंजारा बाईचा पोशाख आठवा. घेरदार फेटिया, पाठ उघडी असलेली कांचळी, डोक्यावरून ओढणी. त्यावर आरशांचे तुकडे, कवड्या, शिशाचे मणी, चांदीची नाणी, लोकरीचे गोंडे. तांबड्या-निळ्या जाड कापडावर घट्ट टाके. कवडी बघा. ती मालदीवच्या समुद्रातली, बंगालात शतकानुशतकं चिल्लर म्हणून चालायची. बुलढाण्याहून समुद्र शेकडो मैल लांब, आणि तांड्यातल्या बाईच्या कपड्यावर मात्र समुद्र टाचलेला. ज्या वाटांनी माल फिरला, त्या वाटांची ही वहीच म्हणायची.

आणि सुई फक्त कपड्यावर चालत नव्हती बरं का. वऱ्हाड पोलिसांतले कंबर्लेज नावाचे अधिकारी होते. त्यांनी बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं. ते १८८२ साली पुन्हा छापलं गेलं, आणि पुढे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्याचा भरपूर आधार घेतला. त्यात बालाजीला सोडलेल्या एका बैलाचं वर्णन आहे. त्याच्यावर कधी ओझं लादत नसत. त्याच्या अंगावर तांबडं रेशीम, घंटा, गोंडे, कवड्या. तो जिथे बसेल तिथे तांड्याचा मुक्काम. म्हणजे ज्याच्यामागे सगळा तांडा चालायचा, त्या बैलाचा शृंगारही सुईदोऱ्यानंच व्हायचा. बैलांच्या पाठीवरच्या तागाच्या गोणी विणणं-शिवणं हीही या लोकांची कसबं होती. एका सुईनं गोणी, एका सुईनं फेटिया. पोटाचं काम आणि हौसेचं काम यांत फार अंतर नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे थोडं लक्ष द्या. हे भरतकाम केव्हा व्हायचं? एक फेटिया भरायला महिनोन् महिने लागतात. चालत्या तांड्यात रोज पाल ठोकायचं, पाणी शोधायचं, बैल राखायचे, चूल मांडायची. तेव्हा कुठली सवड! पण पावसाळ्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीतून लादलेला बैल चालूच शकत नाही, गुडघ्याएवढा रुततो. म्हणून पावसाचे महिने तांडा कुरणाच्या आसऱ्यानं डोंगराकडे मुक्काम करायचा. बैल चरून ताजे होत, आणि बायकांच्या हाती चार महिने सवड येई. आमचा तर्क असा, की हे भरतकाम मूळचं पावसाळ्याच्या मुक्कामाचं काम. तर्क आहे, पुराव्याचा कागद नाही, हे स्पष्ट सांगतो. पण शेजारच्या कुणब्याच्या घरातली गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांचे थर घालून धावदोऱ्यानं ती शिवतात. केव्हा? उन्हाळ्यात, शेतातली कामं सरल्यावर. सुईला सवड लागते, आणि ज्याची सवड ज्या ऋतूत, त्याची सुई त्या ऋतूत.

होळीचं उलट आहे. होळी येते फाल्गुनात, म्हणजे ऐन वाहतुकीच्या हंगामात, तांडा वाटेवर असताना. म्हणजे ही होळी पहिल्यापासून परमुलखातच साजरी झालेली. तिला देऊळ लागत नाही. माणसं, लाकडं आणि डफ असले की झालं. तांड्याची होळी गावासारखी संध्याकाळी पेटत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते. लेंगी म्हणत, डफावर फेर धरत रात्र जागवायची. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला असेल त्या घरी धुंड. मंडळी बाळाभोवती जमतात, त्याच्या डोक्यावर आडव्या धरलेल्या काठीवर काठ्या वाजवत गाणं म्हणतात, आशीर्वाद देतात. पोरांची टोळी ती गेरिया, बायका त्या गेरणी. खाण्याच्या पदार्थांनी भरलेलं भांडं गेरणी राखतात, गेरिया ते पळवायला बघतात, आणि बायका त्यांना काठ्यांनी खरपूस बडवतात. वर्षभर पुरुषांच्या धाकात राहणाऱ्या बायकांना तो एक दिवस मोकळा. जगात जिथे जिथे असे सण आहेत, अगदी आपल्या गोव्याचा कार्निव्हाल धरून, तिथे हाच प्रकार दिसतो. रोजचा नेम एक दिवस उलटा करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचं.

आता तांडा थांबला कसा, ते पाहू. सनावळी थोडी, पण लागोपाठ आहे. १८५३ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जात होता, सुमारे ५०० मैल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इंग्रजांना घाई झाली. १८६७मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, मलकापूर, नांदुरा, शेगाव वाटेवर घेऊन. १८७०मध्ये जलंब ते खामगाव फाटा झाला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. मिठाचंही तसंच. मिठावरची जकात वसूल करायला इंग्रजांनी बुऱ्हाणपुराजवळून जाणारी काटेरी कुंपणाची जकातरेषा घातली होती. ती १८७९ला उठली, तोवर मीठ आगगाडीत चढलेलं होतं. बैलावर लादायला उरलं काय?

आणि धंदा गेला तेवढ्यावर भागलं नाही. १८७१ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी तो उत्तरेपुरता होता, १९११ला देशभर लागू करायची सोय झाली. फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हा त्यामागचा हिशेब. कंबर्लेजसाहेब पोलिसांतले होते हे लक्षात ठेवा. बंजाऱ्यांविषयीचं आपलं जुनं ज्ञान बरंचसं पोलिसांच्या नजरेतून आलंय. तो कायदा १९५२ला गेला, आणि महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती' या यादीत आहे. 'विमुक्त' या शब्दातच तो जुना शिक्का दडलेला आहे.

तर तांडा थांबला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या माळांवर, गावापासून जरा अंतर ठेवून वस्त्या बसल्या. जमीन मिळाली ती बहुतेक हलकी, कोरडवाहू. आणि इथे वर्षाचं चक्र उलटं फिरलं. पूर्वी पावसाळा मुक्कामाचा होता, तो आता पेरणी-निंदणीचा झाला. बाई पहाटे शेतात जाते ती दिवस मावळल्यावर येते, स्वतःच्या शेतात नाहीतर मजुरीला. मग उन्हाळ्यात सवड? तीही नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ऊसतोडीला जायचं असतं. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटक. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. फडाजवळ कोपी घालायची, अंधारात उठून तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. बाकीचे पुण्या-मुंबईला बांधकामावर. म्हणजे फिरणं पुन्हा सुरू झालं, पण आता बारा महिन्यांत मुक्काम कुठेच नाही. सुईला लागणारे ते चार महिने कॅलेंडरातूनच गेले.

लोक म्हणतात, नव्या पोरींना आवड राहिली नाही, साडी आली, फॅशन बदलली. ते खरं आहे, पण अर्धंच. तो जड फेटिया घालून एसटीत चढणं, कचेरीत जाणं, लोकांच्या नजरा सोसणं सोपं नव्हतं. साडी नेसली की माणूस गर्दीत मिसळतो. ज्या समाजावर पोलिसांची नजर होती त्याला मिसळून जाण्याची गरज किती, हे आपण बाहेरून ठरवू नये. लोणारकडच्या एका तांड्यात एका म्हाताऱ्या याडीनं आम्हांला पेटीतून तिची कांचळी काढून दाखवली. आम्ही विचारलं, सुनेला शिकवली नाही का? ती म्हणाली, "शिकवली असती, पण ती घरी केव्हा असते?" आम्ही एवढा वेळ जे सांगतोय ते तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

होळी मात्र टिकली, कारण तिला सवड लागतच नव्हती. एक रात्र लागते. गाळप आटोपलं असेल तर माणसं होळीला तांड्यावर येतात. हंगाम लांबला तर फडावर, कोप्यांसमोर डफ वाजतो. वाटेवरची होळी पुन्हा वाटेवर गेली, एवढंच. आणि याच दिवसांत याच जिल्ह्यात, पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांची यात्रा भरते. तिथे नारळांची मोठी होळी पेटते आणि सगळ्या जातिधर्मांची माणसं लांबलांबून येतात. फाल्गुनातली बुलढाण्याची वाट आजही माणसांनी भरलेलीच असते.

मग भरतकाम जाणारच का? दक्षिणेकडे बघा. कर्नाटकात बळ्ळारीकडे संडूर आहे. तिथल्या लंबाणी बायका संस्थेमार्फत हेच काम मजुरीवर करतात. त्या भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. २०२३च्या जुलैत हंपीला जी-२०ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी कारागीर बायकांच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. आम्हांला विक्रमाचं फार अप्रूप नाही. मुद्दा असा, की तिथे सुईच्या कामाला पैसा मिळाला, म्हणजेच वेळ मिळाला. आपल्याकडे काय होतं? जुन्या कापडांचा व्यापारी तांड्यावर येतो, आजीची ओढणी थोडक्यात घेऊन जातो, आणि ती दूरच्या शहरात उशीचा अभ्रा होऊन विकली जाते. बनवणारीचं नाव कुठेच नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी होण्यासारख्या आहेत. पहिली, ज्या म्हाताऱ्या बाया आहेत त्यांच्याकडून टाक्यांची गोरबोलीतली नावं आत्ताच लिहून घ्यायची. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतली मुलं हे काम करू शकतात, त्यातली कितीतरी तांड्यांतलीच आहेत. दुसरी, भरतकाम वाचवायचं असं कुणी म्हणालं की त्याला विचारायचं, महिने कुठले देणार? ऊसतोडीच्या उचलीइतका पैसा घरबसल्या सुईनं मिळाला तर बाई कोयता खाली ठेवेल. नुसती प्रदर्शनं भरवून आणि कौतुक करून ते होणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी जुनी वस्तू असेल, तर ती विकण्याआधी तिचा फोटो काढा, आणि कुणी केली, कुठल्या तांड्यावर केली, हे मागे लिहून ठेवा. इतिहासाला तेवढंही पुष्कळ असतं.

थांबतो. आता प्रश्न घेऊया.