ओपन सोर्स प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन कसं बनतं आणि ते शिळं होऊ नये म्हणून काय करायचं?

नवीन टूल इन्स्टॉल करायचं असतं. तुम्ही गुगल करता, पहिलं पान उघडता, तिथली कमांड कॉपी-पेस्ट करता आणि एरर येतो. आपल्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. पण बऱ्याचदा चूक त्या पानाची असते. पान लिहिलं तेव्हा बरोबर होतं. नंतर प्रोग्रॅम बदलला आणि पान तसंच राहिलं.

मी नोकरीत बॅकएंडचा कोड लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी दोन लहान ओपन सोर्स प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे आमच्या भाषेत ‘डॉक्स’, सांभाळते. त्यातलं एक टूल फोनमधले फोटो वायफायवरून लॅपटॉपवर उतरवतं. त्यात ‘मिरर’ नावाचा ऑप्शन होता. जुन्या व्हर्जनमध्ये त्याचा अर्थ होता, ‘फोनवर जशी फोल्डरची रचना आहे तशीच लॅपटॉपवर कर’. नव्या व्हर्जनमध्ये अर्थ झाला, ‘फोनवर जेवढं आहे नेमकं तेवढंच लॅपटॉपवर ठेव’. म्हणजे फोनवरून उडवलेले फोटो लॅपटॉपवरूनही उडणार. हा बदल मीच तपासून मंजूर केला होता. जेमतेम सहा ओळींचा कोड. ‘रोजचा बॅकअप’ हे डॉक्समधलं पानही दीड वर्षापूर्वी मीच लिहिलेलं, आणि त्यात हीच कमांड होती. त्या क्षणी मला ते आठवलं नाही.

तीन आठवड्यांनी एका मुलीने गिटहबवर इश्यू टाकला. फोनची मेमरी भरली म्हणून तिने फोटो लॅपटॉपवर घेतले, फोन रिकामा केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पानावरची रोजची कमांड चालवली. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यात होते. काही घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडले, कॉम्प्रेस होऊन धुरकट झालेले. बाकीचे गेले. तिने आरडाओरडा केला नव्हता. ‘पानावर होतं तसंच केलं, माझं कुठे चुकलं?’ एवढंच विचारलं होतं. तिचं कुठेच चुकलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही डॉक्स ठेवण्याची पद्धतच बदलली. ती पद्धत आमची नाही, मोठे प्रोजेक्ट ती कधीपासून वापरतायत. तीच इथे सांगते.

डॉक्स म्हणजे नक्की काय काय?

रीडमी फाइल, इन्स्टॉल कसं करायचं ते पान, शिकवणारे धडे, प्रत्येक फंक्शनची किंवा ऑप्शनची माहिती, आणि कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची यादी. डॅनिएले प्रोचिदा यांनी ‘डायॅटॅक्सिस’ नावाची मांडणी केली आहे. ती डॉक्सचे चार प्रकार करते: शिकवणारं, काम करून देणारं, संदर्भ देणारं आणि समजावणारं. एकाच पानात चारही कोंबले की नवशिक्या गोंधळतो आणि जाणकार वैतागतो. ही मांडणी चांगली आहे, पण तीन पानांच्या प्रोजेक्टला चार फोल्डर करत बसू नका.

२०१७ मध्ये गिटहबने ओपन सोर्समधल्या लोकांचा सर्व्हे केला होता. अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्सचा त्रास ९३ टक्के लोकांनी अनुभवला होता, आणि डॉक्समध्ये आपण क्वचितच किंवा कधीच हातभार लावत नाही, असं ६० टक्के कॉन्ट्रिब्युटर म्हणाले होते. तक्रार सगळ्यांची आहे, हात लावायला कोणी नाही.

पायथनने काय केलं

पायथन भाषेचं डॉक्युमेंटेशन आधी लाटेकमध्ये लिहिलं जायचं. लाटेक म्हणजे शोधनिबंध आणि पुस्तकं छापण्यासाठी वापरतात ती पद्धत. छापील पानासाठी उत्तम, पण एखादी चुकीची ओळ दुरुस्त करायची तर आधी लाटेक शिका! गेऑर्ग ब्रांडल यांनी हे सगळं रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या लिखाणाच्या पद्धतीत आणलं आणि त्यातून वेबसाइट तयार करणारं ‘स्फिंक्स’ हे टूल बनवलं. २००८ साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आज पायथनच्या कोडची रिपॉझिटरी उघडलीत तर त्यात ‘डॉक’ नावाचं फोल्डर दिसेल. कोड आणि डॉक्स एकाच घरात राहतात.

हे एका घरात राहणं फार महत्त्वाचं आहे. डॉक्स वेगळ्या विकीवर किंवा गुगल डॉकमध्ये असले, तर कोड बदलणाऱ्याला ते दिसतच नाहीत. एकाच रिपॉझिटरीत असले तर एकाच पुल रिक्वेस्टमध्ये कोडही बदलता येतो आणि पानही. शिवाय गिटमुळे कुठली ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली हे सापडतं.

डॉक्सचा ‘बिल्ड’ म्हणजे?

तुम्ही लिहिता ती साधी टेक्स्ट फाइल. वाचणाऱ्याला दिसते ती मेनू, सर्च आणि रंगीत कोड असलेली वेबसाइट. पहिल्यापासून दुसरी तयार करणं म्हणजे बिल्ड. स्फिंक्समध्ये सुरुवातीला ‘स्फिंक्स-क्विकस्टार्ट’ चालवलं की ते दोन-चार प्रश्न विचारतं आणि लागणाऱ्या फाइल बनवून देतं. त्यातल्या दोन लक्षात ठेवायच्या. सेटिंगची असते ती कॉन्फ फाइल, आणि मुख्य पान असतं ते इंडेक्स. मग ‘मेक एचटीएमएल’ म्हटलं की बिल्डच्या फोल्डरमध्ये वेबसाइट तयार. मार्कडाउन येत असेल तर ‘मिस्ट’ नावाचं एक्स्टेन्शन जोडून त्यातही लिहिता येतं. मी दोन्ही वापरते. यावरून भांडणारे लोक मला समजत नाहीत.

बिल्ड होताना पिवळ्या-लाल ओळी येतात त्या वाचायच्या. ‘हे पान कुठल्याही टॉकट्रीमध्ये नाही’ याचा अर्थ पान बनलं, पण मेनूत त्याला जागाच नाही, म्हणजे ते वाचकाला सापडणार नाही. ‘टायटल अंडरलाइन टू शॉर्ट’ म्हणजे मथळ्याखालची बरोबरच्या चिन्हांची रेघ मथळ्यापेक्षा आखूड आहे. मराठी मथळ्यात ही वॉर्निंग हमखास येते, कारण काना, मात्रा, वेलांटी यांनाही कॉम्प्युटर वेगळं चिन्ह मानतो. डोळ्याला रेघ पुरेशी दिसली तरी दहा-बारा चिन्हं जास्तच टाका, लांब रेघेची तक्रार तो करत नाही.

आणखी एक गंमत. स्फिंक्स वेळ वाचवण्यासाठी फक्त बदललेली पानं पुन्हा बनवतं, म्हणून जुन्या पानांच्या वॉर्निंग दुसऱ्या वेळी दिसत नाहीत आणि सगळं छान आहे असं वाटतं. शेवटी एकदा ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून बिल्ड करायचा. स्फिंक्सला डॅश आणि कॅपिटल डब्ल्यू हा ऑप्शन दिला की प्रत्येक वॉर्निंग एरर ठरते आणि बिल्ड फेल होतो. पहिल्या दिवसापासून हा ऑप्शन ठेवा. नंतर ठेवायला गेलात तर दोनशे वॉर्निंग एकदम अंगावर येतात. आमच्याकडे आल्या होत्या.

तयार साइट कुठे ठेवायची? ‘रीड द डॉक्स’ ही सेवा ओपन सोर्स प्रोजेक्टना फुकट जागा देते, त्या बदल्यात छोटी जाहिरात दिसते. कोड बदलला की ती स्वतःच बिल्ड करते, प्रत्येक व्हर्जनचे डॉक्स वेगळे ठेवते, आणि सेटिंग चालू केलं तर पुल रिक्वेस्ट मंजूर होण्याआधीच नवीन पान कसं दिसेल ते दाखवते. यासाठी रिपॉझिटरीत तिची कॉन्फिगरेशन फाइल असावी लागते. त्यातून जी रिक्वायरमेंट्सची यादी जोडता, तिच्यात स्फिंक्स आणि थीमचे व्हर्जन नंबर पक्के लिहा. नाहीतर तुम्ही काहीही न करता एका सकाळी बिल्ड मोडलेला सापडतो.

बिल्ड पास, पान खोटं

आमचं ‘रोजचा बॅकअप’ पान प्रत्येक बिल्डमध्ये पास होत होतं. स्पेलिंग बरोबर, लिंक चालू, एकही वॉर्निंग नाही. बिल्ड पान नीट बनलं की नाही एवढंच बघतो, पान खरं बोलतंय का ते त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी पानावरचं उदाहरण चालवून बघावं लागतं.

पायथनमध्ये यासाठी ‘डॉकटेस्ट’ आहे. पानावर >>> या चिन्हांपुढे कोड लिहायचा आणि खाली त्याचं उत्तर. डॉकटेस्ट तो कोड खरंच चालवतं आणि आलेलं उत्तर पानावरच्या उत्तराशी ताडून बघतं. फरक पडला की फेल. आमच्या कमांड टर्मिनलच्या होत्या, म्हणून आम्ही वेगळी वाट घेतली. पानातल्या कमांड एका स्क्रिप्ट फाइलमध्ये हलवल्या. स्फिंक्सच्या ‘लिटरल इन्क्लूड’ या सोयीने पान ती फाइल जशीच्या तशी आत घेतं, आणि तीच फाइल टेस्टमध्येही चालते. टेस्टमध्ये वीस खोटे फोटो असतात. ते ‘लॅपटॉप’वर घेतले जातात, ‘फोन’वरून पाच उडवले जातात, पानावरची कमांड पुन्हा चालते, आणि ‘लॅपटॉप’वर वीसच्या वीस सापडले पाहिजेत. एकोणीस सापडले तरी पुल रिक्वेस्ट पुढे जात नाही. ही टेस्ट लिहायला मला एक दुपार लागली. ती दुपार मी आधी काढायला हवी होती.

कोडमध्येही आम्ही जुनं वागणं परत आणलं आणि फोटो उडवणाऱ्या ऑप्शनला वेगळं, घाबरवणारं नाव दिलं. पानावर ‘व्हर्जन चेंज्ड’ची नोंद टाकली. स्फिंक्समध्ये त्यासाठी तयार सोय आहे, कुठल्या व्हर्जनपासून काय बदललं ते चौकटीत दिसतं. जुनं व्हर्जन वापरणारे लोक गुगलवरून नव्या पानावर येतात, त्यांना याचाच आधार असतो.

पुल रिक्वेस्टच्या फॉर्ममध्ये आधी एक चौकोन होता: ‘डॉक्स अपडेट केले का?’ सगळे त्यावर डोळे मिटून टिक करायचे, मीसुद्धा. आता तिथे प्रश्न आहे: ‘या बदलामुळे डॉक्समधलं कुठलं पान खोटं ठरतं?’ उत्तर लिहावं लागतं. ते शोधायला ‘गिट ग्रेप’ने ऑप्शनचं नाव डॉक्सच्या फोल्डरमध्ये शोधायचं, पाच सेकंदांचं काम.

स्फिंक्सचं ‘लिंकचेक’ बाहेरच्या लिंक उघडतात का ते तपासतं. ते प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लावू नका, कारण कुणाची तरी साइट दहा मिनिटं बंद पडली की तुमचं काम अडतं. आठवड्यातून एकदा पुरे.

स्क्रीनशॉटची मात्र टेस्ट होत नाही आणि सगळ्यात आधी तेच शिळे होतात. जिथे शब्दांत सांगता येतं तिथे शब्दच वापरा. आणि प्रत्येक मोठ्या रिलीजआधी एका नवख्या माणसाला इन्स्टॉलचं पान देऊन बसवा. माझा मामेभाऊ डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याला वडापावच्या बोलीवर बसवते. मी शेजारी बसते आणि तोंड उघडायचं नाही हा नियम. मागच्या वेळी तो दुसऱ्याच पायरीवर अडकला. ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करा,’ असं मी लिहिलं होतं. कसं चालू करायचं, ते नव्हतं. विंडोज आणि लिनक्सवर त्याच्या कमांड वेगळ्या असतात, हे मला इतकं सवयीचं झालंय की लिहायचं सुचलंच नाही.

फोनवरून सुरुवात करता येते का?

येते. गिटहबवर फाइल उघडा, पेन्सिलचं चिन्ह दाबा (दिसलं नाही तर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ चालू करा), दुरुस्ती करा आणि बदल सुचवा. त्या रिपॉझिटरीत लिहायचा हक्क नसेल तर गिटहब तुमच्या नावाने फोर्क स्वतःच तयार करतो. मग पुल रिक्वेस्ट. चुकलेली कमांड, मेलेली लिंक, सुटलेली पायरी, यासाठी लॅपटॉप लागत नाही. काय दुरुस्त करावं सुचत नसेल तर मागच्या वेळी तुम्ही स्वतः कुठे अडकला होतात ते आठवा. ती जागा मेंटेनरला दिसत नाही.

मराठीत अनुवाद करायचा असेल तर स्फिंक्समध्ये ‘गेटटेक्स्ट’ची सोय आहे. ती पानांमधली वाक्यं वेगळ्या फाइलमध्ये काढते, प्रत्येकाखाली अनुवादाची जागा असते. मूळ वाक्य बदललं आणि फाइल अपडेट केली की जुन्या अनुवादावर ‘फझी’ असा शिक्का बसतो, आणि कोणीतरी तपासेपर्यंत वाचकाला मूळ इंग्रजी वाक्य दिसतं. शिळं मराठी दाखवण्यापेक्षा ताजं इंग्रजी बरं, असा हा हिशेब आहे आणि मला तो पटतो. अनुवादाआधी शब्दांची यादी ठरवा. एका पानावर ‘सेव्ह करा’ आणि दुसऱ्यावर ‘जतन करा’ असं झालं तर वाचक दोन वेगळी बटणं शोधत बसतो.

पुल रिक्वेस्टमध्ये एकावेळी एकच गोष्ट बदला आणि का बदलली ते दोन ओळींत लिहा: कुठलं व्हर्जन, काय चालवलं, काय झालं. आठवडा-दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. समोरचा माणूस बहुतेक वेळा नोकरी सांभाळून हे करत असतो, आणि रविवारी सकाळी चहा घेताना तुमचा बदल उघडणार असतो.