पंधरा दिवसांची नोटीस आणि पाव भाडं

मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीत जाऊन विचारा, 'छत गळतंय, तर मालकाला दुरुस्त करायला का नाही लावत?' बहुतेक ठिकाणी उत्तराआधी हसू मिळेल. पण कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर अगदी स्वच्छ छापलेलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. भाडेकरूनं उलट काही कबूल केलं नसेल, तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक. तो हलगर्जी करत असेल तर भाडेकरूनं, किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा.

एवढं वाचून वाटतं, मग अडलंय कुठं? अडलंय पुढच्या ओळीत. अशी वळती करायची रक्कम एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये.

माझं स्वतःचं संशोधन काँक्रीटमधल्या सळया गंजण्यावर आहे, कायद्याशी त्याचा थेट संबंध नाही. पण इमारती का पडतात हे वाचत गेलं की एका टप्प्यावर रसायनशास्त्र संपतं आणि भाडेपावती सुरू होते. या 'एक चतुर्थांश'चा इतिहास म्हणून शोधावासा वाटला.

सुरुवात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून करू. त्याच्या कलम १०८ मध्येही 'दुरुस्ती करून भाड्यातून कापा' ही सोय आहे, तीसुद्धा व्याजासकट. फक्त एक अट आहे: जी दुरुस्ती करायला मालक बांधलेला आहे तीच. आणि मालक बांधलेला केव्हा? करारात तसं लिहिलं असेल तेव्हा. गिरणगावात खोली घेणाऱ्या कामगाराच्या हातात असा करार असण्याची शक्यता किती, हे सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ साली भाड्यांवर पहिलं नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धात ते परत आलं, आणि त्यातूनच १९४७ चा मुंबई भाडे कायदा जन्माला आला. त्यानं दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रमाण भाडं ठरवलं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण, आणि त्यानंतर पहिल्यांदा भाड्यानं दिलेल्या जागेसाठी पहिलं भाडं हे प्रमाण. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. कलम २३ नं १८८२ चा पायंडा उलटा केला: आधी करारात असेल तरच मालक बांधलेला होता, आता करारात उलट काही नसेल तर तो बांधलेलाच. नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करायची सोयही तिथं आली, आणि तिच्यावर भाड्याच्या ठरावीक हिश्श्याची मर्यादाही.

त्या काळी ही मर्यादा वेडेपणाची नव्हती. भाडं आणि गवंड्याची मजुरी एकाच जगातल्या होत्या. वर्षाच्या भाड्याच्या काही हिश्श्यात कौलं फिरवता आली असती, नळ बदलता आला असता. घोळ पुढं झाला. भाडं १९४० ला बांधलेलं राहिलं, सिमेंट, लोखंड आणि मजुरी पुढं निघून गेली. भाड्याला बांधलेला हक्कही भाड्यासोबत तिथंच थांबला. भाडेकरूला राहत्या जागेचं संरक्षण देणारी तरतूद आणि दुरुस्तीचा हक्क देणारी तरतूद एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत, आणि पहिलीनं दुसरीला हळूहळू खाऊन टाकलं.

हिशेब करून बघू. समजा, खोलीचं भाडं महिना ६० रुपये. वर्षाचे ७२०, त्याचा पाव भाग १८०. चाळीतले २० भाडेकरू एकत्र आले तर ३,६०० रुपये. एवढ्यात बांबूची परांची बांधणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, तुळई बदलणं दूरच. १९९९ च्या कायद्यानं मालकाला दर वर्षी ४ टक्के भाडेवाढ दिली, पण चक्रवाढीनं धरली तरी भाडं दुप्पट व्हायला साधारण १८ वर्षं लागतात.

आता दुसऱ्या बाजूला इमारत काय करते ते बघा. जुन्या चाळींच्या मजल्यांना लाकडी किंवा लोखंडी तुळया असतात आणि त्यांची टोकं बाहेरच्या विटांच्या भिंतीत बसवलेली असतात. भिंत ओली राहिली की पाणी नेमकं त्या टोकाशी मुरतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर गेला की ते कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. मधून तुळई ठणठणीत दिसते, टोकाला भुसा झालेला असतो. काँक्रीटच्या इमारतीत गोष्ट वेगळी पण शेवट तोच. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि या क्षारतेत सळईवर एक संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की पीएच ९ च्या खाली येतो आणि तो थर मोडतो. समुद्राच्या हवेतलं क्लोराइड तर पीएच उतरायचीही वाट बघत नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जातं. मग आतून दाब येतो, तडा जातो, पोपडा सुटतो, आणि त्या तड्यातून पाणी आणखी वेगानं आत येतं.

द सिटर नावाच्या अभियंत्यानं १९८४ साली या सगळ्याचा एक ढोबळ नियम मांडला. बांधतानाच नीट काळजी घ्यायला जिथं १ रुपया लागतो, तिथं गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीला ५, एखाद्या जागी गंज लागल्यावर २५ आणि सगळीकडे पसरल्यावर १२५. आकडे काटेकोर नाहीत, त्यानं तसा दावाही केला नाही. पण खर्च पटीनं चढतो हे कुठल्याही दुरुस्ती कंत्राटदाराला ठाऊक आहे. कायद्यातली मर्यादा मात्र जागची हलत नाही.

मालकांची बाजू इथं मांडायलाच हवी. १९४० च्या भाड्यात २१ व्या शतकातली इमारत कोण सांभाळेल, हा प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. पण ही सबब सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, असं माझं मत आहे. स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या चाळींचं भाडं मालकानं स्वतःच ठरवलं होतं, कायदा डोळ्यासमोर असताना. शिवाय भाडं गोठलं तरी पागडी गोठली नव्हती. १९४७ च्या कायद्यात ती गुन्हा होती, तरी खोली हातबदल होताना घेतली जायची, आणि त्याची पावती कुठंच नसायची. १९९९ च्या कायद्यानं ती अधिकृत केली.

१९६० च्या दशकात पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारनं कलम २३ ला हात लावला नाही. त्याऐवजी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. मुंबई शहरातल्या खासगी भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मंडळानं दुरुस्ती करायची. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती अ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. एकूण १९,६४२ इमारती, त्यातल्या १६,५०२ एकट्या अ वर्गात. पुढं हे मंडळ म्हाडात गेलं.

या योजनेनं अनेक इमारती वाचवल्या, हे कबूल करायला हवं. पण तिनं कर्तव्याचा पत्ताही बदलला. दुरुस्ती करायची मंडळानं, खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा, वर लागले तर रहिवाशांनी घालायचे. मालक या चित्रातून अलगद बाजूला झाला. आणि हे फक्त मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. उपनगरातल्या किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाड्यातल्या भाडेकरूला मंडळ नाही. त्याच्याकडे तेच जुनं कलम आणि तोच पाव हिस्सा.

दुरुस्ती न करण्यात मालकाचा फायदा कसा होता, हे समजायला एक निकाल पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयानं एका केरळच्या खटल्यात म्हटलं होतं की इमारत नष्ट झाली की भाडेकरार संपतो. आता चाळीतल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. छत पडलं तर जीव जाईल, जीव वाचला तर हक्क जाईल. धोकादायक इमारत रिकामी करायला लोक का तयार नसतात याचं आश्चर्य वाटणाऱ्यांनी हा निकाल आणि वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात अडकलेली कुटुंबं एकत्र आठवावीत. २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हे मत उलटवलं. महापालिकेनं इमारत पाडली तरी जमिनीतला भाडेकरूचा हक्क उरतो, असं ठरलं. मधली १३ वर्षं मात्र दुर्लक्ष करणाऱ्या मालकासाठी सोयीची होती.

१९८६ मध्ये सरकारनं आणखी एक रस्ता काढला होता. म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातलं: ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत सरकारनं संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची, मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला. वरच्या चाळीला हा हिशेब लावला तर २० खोल्यांचे १,२०,००० रुपये. मालक कोर्टात जाणारच होते. १९९१ मध्ये उच्च न्यायालयानं तरतूद उचलून धरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथून नऊ न्यायमूर्तींपर्यंत चढलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. खासगी मालमत्ता 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरते का यावर देशभर चर्चा झाली. हा सगळा वाद मुंबईच्या गळक्या चाळींतून निघाला होता, हे बातम्यांमध्ये क्वचितच आलं. आणि आठ-अ वैध की अवैध, हा मूळ मुद्दा त्या निकालात ठरलाच नाही, कारण नऊ न्यायमूर्तींपुढे फक्त घटनेचा प्रश्न होता.

मग त्या १५ दिवसांच्या नोटिशीला अर्थ काय? पैशाच्या दृष्टीनं फारसा नाही. पण ती कागद तयार करते. भाडं घ्यायला नकार देणाऱ्या मालकाला मनीऑर्डर पाठवून परत आलेल्या पावत्या जपून ठेवणारी पिढी मुंबईत अजून आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. तडा केव्हा दिसला, कुठल्या तुळईला, मालकाला कधी कळवलं, हे तारखेसकट लिहिलेलं असेल, सोबत इंजिनिअरचा अहवाल आणि फोटो असतील, आणि खाली एकाऐवजी सगळ्या खोल्यांच्या सह्या असतील, तर धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात 'आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं' असं म्हणणं मालकाला अवघड जातं. नोटीस पोस्टानं पाठवलेली चालते. पोचपावती फाडून टाकू नका.