शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात खेटे घालणाऱ्या खासगी शाळांच्या शिक्षकांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो. "सर, संस्थाचालकाशी वाकडं घेऊ नका. राजीनामा द्या, अनुभवाचा दाखला घ्या, दुसरी शाळा बघा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." असे सांगणारे बहुधा हितचिंतकच असतात, कोणाचे सासरे, कोणाचे थोरले भाऊ, स्टाफरूममधले जुने सहकारी. म्हणून तर हे मत खोडून काढायला हवे. त्यासाठी लागणारा दाखला याच शहरातला आहे.

२००५ साली महापालिकेने एका खासगी प्राथमिक शाळेची जागा व्यावसायिक ठरवून ७९,९७४ रुपयांचे करबिल पाठवले. मुख्याध्यापिका संस्थेच्या अध्यक्षही होत्या. या करापोटी दरमहा १,५०० रुपये द्या, असे पत्र त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना दिले. दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेने नकार दिला. मग एकामागून एक २५ मेमो आले आणि १४ नोव्हेंबर २००६ रोजी निलंबन झाले. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्या निलंबनाला मान्यता दिली नाही; संस्थेने तरीही ते मागे घेतले नाही, निर्वाहभत्ताही दिला नाही. चौकशीत सुरवसे यांच्या प्रतिनिधीला बसू दिले नाही, चौकशी एकतर्फी उरकली आणि १५ जून २००७ रोजी त्यांना नोकरीवरून काढले. शाळा न्यायाधिकरणाने २० जून २००९ रोजी तो आदेश रद्द केला आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार देण्यास सांगितले.

पूर्वपक्षाचा सगळ्यात जड मुद्दा यापुढे सुरू होतो. सेवासमाप्ती बेकायदा, हे उच्च न्यायालयालाही मान्य होते. पण मधल्या काळात आपल्याला दुसरी नोकरी नव्हती हे सुरवसे यांनी सिद्ध केले नाही, असे म्हणून त्या न्यायालयाने मागील पगार काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयात १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्या. सिंघवी आणि न्या. गोपाल गौडा यांनी तो परत मिळवून दिला: चार महिन्यांत द्या, नाहीतर नऊ टक्के व्याज. म्हणजे एकूण सहा वर्षे गेली. एका शिक्षिकेच्या घराने ती कशी काढली असतील, याचा विचार केला की आजही अस्वस्थ व्हायला होते. लढाई स्वस्त असते, असे मी म्हणणार नाही.

पण ती सहा वर्षे कशात गेली, हेही पाहा. सेवासमाप्ती बेकायदा ठरायला दोन वर्षे पुरली. उरलेली चार पगाराच्या एका प्रश्नावर खर्च झाली. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच अंशी सोडवून ठेवला आहे. अन्यायाने काढले असेल तर पुन्हा नेमणूक आणि मागील पगार हा सर्वसाधारण नियम. कर्मचाऱ्याने आपल्याला तेवढ्या पगाराची नोकरी नव्हती असे म्हणणे मांडावे. होती असे मालकाचे म्हणणे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार मालकावर. सेवेचा काळ, गैरवर्तन असल्यास त्याचे स्वरूप, मालकाची ऐपत हे न्यायालय पाहते, त्यामुळे पगार आपोआप हाती पडत नाही. तरी आज न्यायाधिकरणापुढे जाणारा शिक्षक सुरवसे यांची चार वर्षे गाठीशी घेऊन जातो.

दुसरा मुद्दा नाव खराब होण्याचा. राजीनामा देणाऱ्याचे नाव कसे राखले जाते, हे मला कधीच कळलेले नाही. कागदावर तो स्वखुशीने गेलेला असतो आणि मेमोतले आरोप उत्तराविना फायलीत पडून राहतात. सुरवसे यांनी प्रत्येक मेमोला उत्तर देऊन आरोप नाकारले होते. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९७७च्या कायद्याचे कलम ७ वाचावे: राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला आणि दुसरी स्वतःजवळ. एका राजीनाम्यासाठी एवढी खबरदारी कशाला? माझ्या मते, दमदाटीने राजीनामे घेतले जातात हे विधिमंडळाला ठाऊक होते.

या सल्ल्याचे खरे नुकसान मात्र वेगळेच आहे. त्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. "थांबा, साहेबांचा राग निवळू द्या" हे ऐकण्यात नेमके तेच दिवस जातात, आणि मग उशीर माफ करून घेण्यासाठी आधी झगडावे लागते. तडजोड करायला माझी हरकत नाही. घर चालत नसेल तर ती करावीच, पण आधी अपील दाखल करून आणि थकलेल्या पगाराचा हिशेब मांडून.

परिवीक्षेवरच्या शिक्षकांची वाट याहून अरुंद आहे. त्यांच्यापुढे हा आग्रह मी इतक्या जोराने धरणार नाही. पण त्यांनीही नेमणुकीचा आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र आणि मस्टरची प्रत शाळेत न ठेवता घरी ठेवावी, आणि मुख्याध्यापकांनी कितीही गोड बोलून पुढे केला तरी कोऱ्या कागदावर सही करू नये.