टेलिप्रिंटरची वायर

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं सहा-सात तास बंद होतं. देखभालीसाठी दिलेल्या एका कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स जगापासून तुटली. दुरून दुरुस्ती करायची तर तेच नेटवर्क हवं, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली वेगळी वाटही बंद. शेवटी इंजिनिअर प्रत्यक्ष पाठवावे लागले.

अशा वेगळ्या वाटेचं सर्वांत जुनं रूप म्हणजे सिरियल कन्सोल. माझा एक माजी विद्यार्थी सर्व्हर सांभाळतो. तो म्हणाला, "सर, नेटवर्क मेलं तरी ही वायर बोलते." भाषेचा मास्तर असल्याने मला त्या वायरची वंशावळ शोधावीशी वाटली.

ती थेट तारखात्यात पोचते. अक्षरांचे विद्युत ठोके करून एकामागून एक पाठवायचे, ही टेलिप्रिंटरची रीत. १९६० च्या सुमारास आरएस-२३२ हे जोडणीचं मानक आलं, १९६३ मध्ये आस्की लिपीसंकेत आणि टेलिटाइप मॉडेल ३३. सेकंदाला दहा अक्षरं, तीही खडखडाट करत कागदावर! १९६९ नंतर बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली ती अशाच यंत्रांसमोर बसून. म्हणून लिनक्समध्ये आजही टर्मिनलचं नाव 'टीटीवाय', म्हणजे टेलिटाइपच. (आस्कीत जागा फक्त १२८. उर्दूला नाही, मराठीलाही नाही. लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर आजही मराठी धड उमटत नाही.)

पुढे संगणक वाढले. वीस यंत्रांसमोर वीस टर्मिनल कोण ठेवणार? मग सगळ्या सिरियल वायरी एका पेटीत आणल्या. हा कन्सोल सर्व्हर. माणूस दुसऱ्या गावाहून त्या पेटीत शिरतो आणि हवा तो पोर्ट निवडतो. समोर यंत्र सुरू होतानाचा अगदी पहिला मजकूर येतो, जो नेटवर्क जागं होण्याआधीचा असतो. पेटी सगळं लिहूनही ठेवते, त्यामुळे यंत्र कोसळण्याआधी काय म्हणालं तेही वाचता येतं.

पण जुनी खोडही वारशाने आली. तारेच्या काळात समोरच्याला मध्येच थांबवायला ओळीतला प्रवाह तोडत. त्याला 'ब्रेक' म्हणत. सन कंपनीच्या सर्व्हरना कन्सोलवर ब्रेक मिळाला की ते चालू काम थांबवून 'ओके' लिहून उभे राहत. झालं असं, की कोणी कन्सोल सर्व्हरची वीज घालवून पुन्हा दिली, की काही पेट्यांतून सगळ्या पोर्टांवर एकदम ब्रेक जाई. एक स्विच, आणि सगळे सर्व्हर ठप्प! ज्या वायरीने वाचवायचं तिनेच गळा धरला. नंतर ब्रेकऐवजी तीन कळांचा ठराविक क्रम वापरायची सोय सनने दिली: रिटर्न, टिल्ड, कंट्रोल-बी. असा क्रम चुकून जाण्याची शक्यता फार कमी.

आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता बहुतेक सर्व्हरच्या आत एक छोटा स्वतंत्र संगणक असतो आणि तोच कन्सोल नेटवर्कवरून दाखवतो. मग वायर कशाला, असं मी त्या विद्यार्थ्याला विचारलं. तो हसला, "आणि तो नेटवर्कचा राउटरच बिघडला तर, सर?" त्याच्या बॅगेत ती निळी चपटी वायर कायम असते.