फेंडर टॅग : मूळ आणि प्रतिकृती

१४. फेंडर टॅग : प्लिमथ आणि डॉज गाड्यांच्या बॉनेटखाली, आतल्या मडगार्डवर स्क्रूने बसवलेली पत्र्याची छोटी पाटी. गाडी कारखान्यातून कशी निघाली, हे तिच्यावर संकेतांत ठोकलेले असते आणि ते खालच्या ओळीपासून वर वाचायचे असते. १९७० च्या प्लिमथ कूडावर ‘ई७४’ म्हणजे ४२६ घनइंचाचे हेमी इंजिन, ‘डी२१’ म्हणजे चार गिअरची मॅन्युअल गिअरपेटी.

इंजिनाची खातरजमा चेसिस क्रमांकावरून होते. त्यातले पाचवे अक्षर ‘आर’ असेल तरच ती मूळ हेमी. रंग, गिअरपेटी आणि जादा सुविधा मात्र त्या क्रमांकात नसतात. नेमकी याच ठिकाणी नवी पाटी ठोकून साधी गाडी दुर्मीळ म्हणून खपवता येते. गंजलेल्या किंवा हरवलेल्या पाटीच्या जागी प्रतिकृती लावण्यात गैर काही नाही. विकताना ते लेखी न सांगणे ही सरळ फसवणूक आहे. चेसिस क्रमांक बदलणे किंवा खोडणे हा तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हाच आहे.

जाणकार ग्राहक पाटीवर थांबत नाही. इंजिन ब्लॉक आणि गिअरपेटीवर ठोकलेले चेसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे तो ताडून पाहतो. मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्याचा जुळणी-कागद सापडला, तर तो पाटीपेक्षा मोलाचा. या प्रकरणातील विक्रेता फक्त पाटी दाखवतो. तेवढ्यावरून त्याची गाडी अस्सल मानता येत नाही. — संपादक