बुद्धिबळ इंजिनांची स्थितिगत चाचणी

बुद्धिबळ इंजिन म्हणजे पटावरील स्थितीचे विश्लेषण करून चाल सुचवणारी संगणकीय आज्ञावली. मारामारी किंवा मात समोर दिसत नसलेल्या, वरकरणी शांत स्थितीत अशी आज्ञावली कितपत योग्य निर्णय घेते, हे पारखण्याच्या पद्धतींना स्थितिगत चाचणी म्हणतात. इंजिनाची गणनशक्ती मोजणे तुलनेने सोपे आहे; त्याची जाण मोजणे अवघड ठरले आहे, कारण अशा चाचणीतील ‘बरोबर उत्तर’ दीर्घकाळ माणसांच्याच मतावर अवलंबून होते.

संकल्पना

बुद्धिबळातील निर्णयांचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात. डावपेचात्मक निर्णयात चालींची सक्तीची मालिका असते आणि तिचा शेवट मोजून दाखवता येतो: मोहरा मिळाला, किंवा मात झाली. स्थितिगत निर्णयात असा हिशेब लगेच मिटत नाही. प्याद्यांची रचना, दुबळी घरे, मोकळ्या पट्ट्या, घोड्यासाठी मिळालेले पक्के ठाणे, राजाची सुरक्षितता यांचा विचार करून खेळलेल्या चालीचे फळ कधी कधी वीस-तीस चालींनंतर दिसते.

इंजिन दोन अंगांनी काम करते. शोध घेताना ते पुढील चालींच्या शाखा धुंडाळते आणि प्रत्येक शाखेच्या टोकाशी आलेल्या स्थितीला मूल्यमापनाने एक अंक देते. क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा मूल्यमापनाचा नमुना दिला होता. वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ असे गुण. दुहेरी, एकाकी किंवा मागे पडलेल्या प्याद्यासाठी अर्ध्या गुणाची वजावट. आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीमागे एक दशांश गुण. हे आकडे शॅनन यांनी केवळ उदाहरणादाखल मांडले होते. तथापि, स्थितीची जाण अंकांत उतरवण्याची रीत पुढील अनेक दशके हीच राहिली.

ब्रॅट्को–कोपेक चाचणी

स्लोव्हेनियाचे संगणकशास्त्रज्ञ इव्हान ब्रॅट्को आणि अमेरिकेचे आंतरराष्ट्रीय मास्टर डॅनी कोपेक यांनी तयार केलेली चाचणी १९८२ साली प्रसिद्ध झाली. तीत २४ स्थिती आहेत. त्यांपैकी १२ डावपेचात्मक असून उरलेल्या १२ स्थितींचे उत्तर प्याद्याच्या एका विशिष्ट चालीत आहे. आपले प्यादे प्रतिस्पर्ध्याच्या प्याद्याशी भिडवून त्याची रचना उसकटणाऱ्या या चालीला ‘तरफ’ म्हणतात. प्रत्येक स्थितीसाठी दोन मिनिटे मिळतात. खेळाडूने किंवा आज्ञावलीने पसंतीक्रमाने चार चाली सांगायच्या. अपेक्षित चाल पहिल्या क्रमांकावर असल्यास १ गुण, दुसऱ्यावर १/२, तिसऱ्यावर १/३ आणि चौथ्यावर १/४.

मनुष्य व यंत्र या दोघांना एकच प्रश्नपत्रिका देणे हे या चाचणीचे वैशिष्ट्य होय. त्या काळच्या आज्ञावल्या डावपेचांच्या प्रश्नांत चमकत आणि तरफेच्या प्रश्नांत मागे पडत. जाणत्या खेळाडूंच्या गुणांत मात्र असा मोठा विषमपणा नव्हता. आज साध्या संगणकावरील इंजिनेही यांपैकी बहुतेक प्रश्न चटकन सोडवतात. मात्र ती स्थिती ‘समजून’ सोडवतात की अधिक खोल शोधामुळे उत्तर आपोआप हाती लागते, हे केवळ गुणांवरून सांगता येत नाही.

उत्तर ठरवण्याची अडचण

डावपेचाच्या प्रश्नाला गुण देणे गणिताच्या उत्तराला गुण देण्यासारखे आहे. स्थितिगत प्रश्नाचे काम निबंध तपासण्याच्या जवळ जाते. चांगल्या चाली दोन-तीन असू शकतात आणि त्यांतील श्रेष्ठ कोणती याविषयी ग्रँडमास्टरांतही मतभेद असतात.

१९५३ साली झुरिक येथील आव्हानवीर स्पर्धेतील रेशेव्स्की विरुद्ध पेट्रोस्यान हा डाव याचे चांगले उदाहरण आहे. पांढऱ्याची मध्यभागातील प्यादी पुढे सरकण्याच्या बेतात असताना काळी मोहरी खेळणाऱ्या पेट्रोस्यान यांनी २५व्या चालीत हत्ती ई७ वरून ई६ वर नेला आणि तो उंटाच्या बदल्यात देऊ केला. रिकाम्या झालेल्या ई७ वरून त्यांचा घोडा डी५ या घरात जाऊन बसला आणि पांढऱ्याची आगेकूच थांबली. डाव बरोबरीत सुटला. शॅननच्या गुणांनी पाहिले तर ही चाल दोन गुणांचा तोटा होय. त्या मोबदल्यात मिळालेली नाकेबंदी कोणत्याही मोहऱ्याच्या किमतीत मांडता येत नाही. अशी चाल चाचणीत घालताना ती ‘एकमेव योग्य’ की ‘एक योग्य’, हे परीक्षकालाच ठरवावे लागते.

यावर उपाय म्हणून पुढील काळातील ‘स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट’ या संचात पर्यायी चालींनाही गुण दिले गेले. स्वामीनाथन व डॅन कॉर्बिट यांच्या या संचात घोड्याचे ठाणे, मोकळ्या पट्ट्या, उंट विरुद्ध घोडा, मध्यभागाचा ताबा अशा विषयांनुसार प्रत्येकी शंभर स्थिती असून सर्वोत्तम चालीला १० व इतर स्वीकारार्ह चालींना त्याहून कमी गुण मिळतात.

डीप ब्लू, १९९७

गॅरी कास्पारोव्ह यांच्याविरुद्धच्या सामन्यातील दुसऱ्या डावात आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाला ३६व्या चालीत वजीर आत घुसवून प्यादी मिळवण्याची संधी होती. त्याने ती सोडली. प्याद्यांची अदलाबदल केली आणि पुढच्याच चालीत उंट ई४ वर आणून काळ्याच्या प्रतिहल्ल्याची वाट बंद केली. यंत्र लोभ आवरते हे कास्पारोव्ह यांना इतके अनपेक्षित होते की त्यांनी मानवी हस्तक्षेपाची शंका घेतली. तथापि, कास्पारोव्ह यांनी ज्या स्थितीत डाव सोडला, तेथे सतत शह देऊन बरोबरी साधण्याची शक्यता शिल्लक असल्याचे विश्लेषकांनी नंतर दाखवले. ज्या डावाने यंत्राच्या स्थितिगत जाणिवेची ख्याती झाली, त्याच डावात त्याने प्रतिस्पर्ध्याला सुटण्याची वाट ठेवली होती.

अभेद्य तटबंदी

दुबळ्या बाजूने रचलेली, भेदता न येणारी तटबंदी हा इंजिनांसाठी कठीण प्रकार आहे. सर्वांत साधे उदाहरण असे: पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांतील उंट व एच पट्टीतील प्यादे असून काळ्याचा एकटा राजा एच८ या कोपऱ्यात पोहोचला, तर डाव बरोबरीत सुटतो, कारण ते काळे घर या उंटाच्या आवाक्याबाहेर असते. केवळ गुणांची बेरीज मात्र पांढरा चार गुणांनी पुढे असल्याचे सांगते. दोन राजांसह सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची निर्विवाद उत्तरे ‘टेबलबेस’ या संगणकीय कोषांत मिळत असल्याने येथे परीक्षकाच्या मताला जागा उरत नाही.

मार्च २०१७ मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक कोडे प्रसिद्ध केले. त्यात पांढऱ्याकडे राजा व चार प्यादी. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती व काळ्या घरांतील तीन उंट. काळ्याचे वजीर व हत्ती प्याद्यांच्या कोंडीत अडकलेले असून मोकळे आहेत ते फक्त उंट. पांढऱ्याने कोंडी फोडणारी मारामारी टाळून राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत ठेवला, तर त्याला कोणीही धक्का लावू शकत नाही. हे माणसाला थोड्या विचाराने उमगते. इंजिने मात्र काळ्याला भरघोस आघाडी दाखवत होती. अर्थात ही स्थिती प्रत्यक्ष डावात उद्भवण्यासारखी नाही, आणि तिच्यावरून यंत्राच्या बुद्धीविषयी काढलेले व्यापक निष्कर्ष जपूनच घ्यावेत.

डावांच्या आधारे चाचणी

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीने अल्फाझिरो व स्टॉकफिश ८ यांच्यातील १०० डावांचा निकाल जाहीर केला: अल्फाझिरोचे २८ विजय, ७२ बरोबरी, पराभव नाही. सामन्याच्या अटींवर टीका झाली. परंतु स्वतःशी खेळून शिकलेल्या या आज्ञावलीने प्रतिस्पर्ध्याची मोहरी जखडण्यासाठी दिलेली प्याद्यांची बलिदाने जाणकारांना थक्क करून गेली. २०२० साली स्टॉकफिशनेही मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्कचा स्वीकार केला.

यानंतर परीक्षेची दिशाच उलटली. जुन्या संचांतील उत्तरे इंजिनांकडून तपासली जाऊ लागली आणि काही ‘बरोबर’ उत्तरे सदोष निघाली. स्टॉकफिशमधील बदल आता ठरावीक स्थितींवर नव्हे, तर हजारो डावांच्या सांख्यिकीय निकालांवर स्वीकारले जातात. बरोबरीचे प्रमाण घटावे म्हणून हे डाव मुद्दाम असमतोल प्रारंभांपासून खेळवतात. मूल्यमापनाच्या अंकाचा अर्थही बदलला आहे. डिसेंबर २०२२ मधील १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिशचा +१ हा अंक एका प्याद्याची आघाडी दर्शवत नाही. समबळ इंजिनाविरुद्ध विजयाची शक्यता ५० टक्के आहे, असे तो सांगतो. स्थितींचे जुने संच नवी आज्ञावली लिहिणाऱ्यांना दोष शोधण्यासाठी आणि विद्यार्थ्यांना इंजिन बंद ठेवून सराव करण्यासाठी आजही उपयोगी पडतात.